बेमॅक्सचा अभ्यास : एक गुबगुबीत रोबो आणि आपण

मित्रांनो, मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पावसावरच्या चार कविता, आईवरची एक आणि मेसच्या भाजीवरचा एक विनोदी लेख असतोच. त्या सगळ्यांना नमस्कार करून मी यंदा जरा वेगळा विषय घेते आहे. विषय आहे एक कार्टून पिक्चर! हसू नका. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझ्या मराठीत 'परंतु' आणि 'बट' एकाच ताटात जेवतात, तेवढं सांभाळून घ्या. विषय मात्र अस्सल इंजिनिअरिंगचा आहे.

पिक्चरचं नाव 'बिग हिरो सिक्स'. डिस्नेने तो २०१४ साली काढला. दिग्दर्शक दोन, डॉन हॉल आणि ख्रिस विल्यम्स. २०१५ च्या ऑस्कर समारंभात त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं बक्षीस मिळालं आणि जगभरात त्याने ६५ कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. हे झालं जनरल नॉलेज. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. सुपरहिरोंचे पिक्चर ढिगाने येतात आणि जातात. पण हा पिक्चर पाहिलेल्या कुणालाही विचारून बघा. सहा सुपरहिरोंची नावं धड सांगता येणार नाहीत, 'तो पांढरा फुगा' मात्र पक्का आठवत असेल. तो पांढरा फुगा म्हणजे बेमॅक्स. तो एवढा का आवडतो? नुसता गोड दिसतो म्हणून? की उद्या यंत्रं बनवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून काही शिकण्यासारखं आहे? माझ्या मते आहे, आणि भरपूर आहे. ज्यांनी पिक्चर पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या. मी शेवट सांगणार आहे, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

१. गोष्ट थोडक्यात

सॅन फ्रान्सोक्यो नावाचं शहर. सॅन फ्रान्सिस्को आणि टोकियो मिक्सरमधून काढल्यासारखं. तिथे हिरो हमादा नावाचा चौदा वर्षांचा मुलगा राहतो. (हो, मुलाचं नावच हिरो.) तो तीन वर्षांचा असताना आईवडील गेले. कॅस आँटीने त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला, तादाशीला, वाढवलं. तिचा छोटासा कॅफे आहे. हिरो डोक्याने अफाट, पण ते सगळं डोकं तो गल्लीबोळातल्या रोबोंच्या झुंजी लावून पैसे कमावण्यात घालवतो. कॉलेजला जायला तयार नाही. त्याच्या मते ती 'नर्ड' लोकांची शाळा.

तादाशी त्याला एके रात्री आपल्या लॅबमध्ये घेऊन जातो. तिथे गोगो चुंबकावर तरंगणाऱ्या चाकांची सायकल करते आहे, वसाबी प्लाझ्माने सफरचंदाचे पातळ काप काढतो आहे, हनी लेमन केमिस्ट्रीने धातूचा जड गोळा फुसका करून दाखवते. फ्रेड तर तिथला विद्यार्थीही नाही, नुसता पडीक असतो. (असा एक प्रत्येक डिपार्टमेंटला असतोच.) तादाशीने स्वतः बनवला आहे बेमॅक्स, माणसाची शुश्रूषा करणारा रोबो. हे सगळं बघून हिरो पागल होतो. ॲडमिशन मिळावी म्हणून तो 'मायक्रोबॉट्स' बनवतो. बोटभर लांबीचे हजारो रोबो, डोक्याला पट्टा लावून नुसता विचार केला की एकत्र येऊन पूल, खांब, हात, काहीही बनतात.

प्रदर्शनात हिरोचं सिलेक्शन होतं आणि त्याच रात्री हॉलला आग लागते. प्रोफेसर कॅलहन आत अडकलेत म्हणून तादाशी त्यांना वाचवायला आत धावतो. स्फोट होतो. तादाशी परत येत नाही.

पिक्चर सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झालेला असतो. मुलांचा पिक्चर म्हणून बसलेले आपण एकदम गप्प होतो. इथून पुढे बेमॅक्सचं खरं काम सुरू होतं.

२. घाबरवत नाही तो रोबो

आधी त्याचं दिसणं बघू. तोंड म्हणजे दोन काळे ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ. बस्स! ओठ नाहीत, भुवया नाहीत. डॉन हॉलना ही कल्पना जपानमधल्या देवळातल्या 'सुझू' नावाच्या घंटेवरून सुचली. त्या गोल घंटेला दोन भोकं आणि मध्ये एक फट असते. चालण्यासाठी ॲनिमेटर लोकांनी पेंग्विनच्या पिल्लांचा अभ्यास केला. म्हणून बेमॅक्स तुरुतुरु, डुलत डुलत चालतो आणि खुर्ची वाटेत आली की पोट आत घेऊन कसाबसा सरकतो.

यामागे नुसता गोडवा नाही. १९७० साली मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी एक विचार मांडला होता. रोबो जसजसा माणसासारखा दिसायला लागतो तसतसा तो आपल्याला जवळचा वाटतो, पण एका टप्प्यावर, म्हणजे 'जवळजवळ माणूस पण पूर्ण नाही' इथे आला, की आपल्याला एकदम शिसारी येते. ग्राफ काढला तर तिथे मोठा खड्डा पडतो. बेमॅक्स त्या खड्ड्याच्या आसपास फिरकतच नाही. त्याचा चेहरा इतका रिकामा आहे की त्यावरचे भाव आपणच भरतो. तो नुसती मान जरा वाकडी करतो आणि आपल्याला वाटतं, याला कळलं!

आणखी एक गंमत. हा पिक्चर मार्व्हलच्या कॉमिकवरून घेतलाय. ही टीम कॉमिकमध्ये पहिल्यांदा १९९८ साली आली. त्या कॉमिकमधला बेमॅक्स गुबगुबीत वगैरे अजिबात नाही. तो हिरोचा बॉडीगार्ड आहे आणि ड्रॅगनसारखं अक्राळविक्राळ रूप घेतो. डिस्नेवाल्यांनी नाव ठेवलं आणि नोकरी बदलली. बॉडीगार्डचा नर्स केला. माझ्या मते या पिक्चरच्या यशातलं अर्धं श्रेय या एका बदलाला आहे.

३. थोडं मेकॅनिक्स (सिव्हिलवाल्यांनीही वाचावं)

फुग्याचा रोबो ही निव्वळ फेकाफेकी आहे असं वाटेल. नाही! डॉन हॉल २०११ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. तिथे ख्रिस ॲटकेसन यांच्या लॅबमध्ये त्यांनी हवेने फुगवलेला व्हायनिलचा एक हात पाहिला. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांचे दात घासून देणं, भरवणं, अशी कामं करण्यासाठी तो हात होता. तिथेच बेमॅक्सचा जन्म झाला म्हणायला हरकत नाही. या शाखेला 'सॉफ्ट रोबोटिक्स' म्हणतात.

हात मऊ का हवा? फर्स्ट इयरचं गणित लावू. समजा रोबोचा लोखंडी हात १० किलोचा आहे, सेकंदाला २ मीटर वेगाने फिरतोय आणि चुकून आजोबांच्या खांद्याला लागला. गतिज ऊर्जा अर्धा गुणिले १० गुणिले २ चा वर्ग, म्हणजे २० ज्यूल. लोखंड दबत नाही, हात १ सेंटिमीटरमध्ये थांबला असं धरू. सरासरी बल झालं २० भागिले ०.०१, म्हणजे २००० न्यूटन. साधारण दोनशे किलोचं ओझं खांद्यावर आदळल्यासारखं! आता फुगवलेला हात घ्या. वजन १ किलो, वेग तोच. ऊर्जा २ ज्यूल. हवा दबून तो १० सेंटिमीटरमध्ये थांबतो. बल फक्त २० न्यूटन, म्हणजे दोन किलो साखरेच्या पिशवीइतकं. शंभर पट फरक! (मोटर बंद झालीय असं धरलंय, नाहीतर ओरलला सर पकडतील.)

बरं, मग फुग्यात ताकद असते का? असते. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल, हे आपण शाळेत शिकलो. ३० सेंटिमीटर व्यासाची गोल उशी घ्या. क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर. आत बाहेरच्या हवेपेक्षा फक्त १० किलोपास्कल जास्त दाब भरा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक दशांश. बल येतं ७०० न्यूटन. सत्तर किलोचा माणूस आरामात उचलला जाईल. पिक्चरमध्ये तादाशी सांगतो की बेमॅक्स हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो उचलतो, कारण आत कार्बन फायबरचा सांगाडा आहे. ती सिनेमाची सूट समजू. पण मुद्दा खरा आहे. मऊ म्हणजे दुबळं नव्हे.

माणसाला उचलणारे रोबो प्रत्यक्षातही झाले आहेत. जपानच्या रिकेन संस्थेने २००९ मध्ये 'रिबा' नावाचा रोबो दाखवला, तो माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचा. त्याला त्यांनी अस्वलाचं तोंड दिलं होतं आणि हात मऊ ठेवले होते. का, ते आता सांगायला नको. मायक्रोबॉट्सचं म्हणाल तर २०१४ मध्येच हार्वर्डमध्ये राधिका नागपाल यांच्या गटाने १०२४ छोट्या रोबोंचा थवा करून दाखवला. ते आपापसात बोलून चांदणीसारखे आकार तयार करायचे. अर्थात सावकाश, तासन् तास लावून. हिरोसारखं चुटकीत नाही.

४. दोन चिपा

आता मुख्य विषय. बेमॅक्सच्या छातीत एक झाकण आहे. आत तादाशीने स्वतः प्रोग्रॅम केलेली हिरवी चिप. दहा हजारांहून जास्त वैद्यकीय उपचार त्यात भरलेत. कोणी 'आई गं' असं कळवळलं की बेमॅक्स आपोआप फुगतो, समोर येऊन उभा राहतो, दुखणं एक ते दहा या मापात किती आहे ते विचारतो आणि पेशंटने 'मी समाधानी आहे' असं तोंडाने म्हटल्याशिवाय बंद होत नाही. हीच त्याची पूर्ण स्पेसिफिकेशन शीट.

भाऊ गेल्यावर हिरो खोलीत कोंडून घेतो. ॲडमिशन लेटर कचऱ्यात. बेमॅक्स त्याला तपासतो आणि जखम सापडत नाही. मग तो दुःखावरचे उपचार डाउनलोड करतो आणि काय करतो? हिरोच्या मित्रांना बोलावून घेतो आणि हिरोला मिठी मारतो. गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपचार हाच, की चार माणसांत राहा.

पण हिरोला बरं व्हायचंच नाहीये. आग कोणीतरी मुद्दाम लावली आणि आपले मायक्रोबॉट्स चोरले असं कळल्यावर त्याला तो माणूस हवाय. म्हणून तो बेमॅक्सला चिलखत घालतो आणि लाल चिप टाकतो. त्यात कराटे! हे सीन बघायला जाम मजा येते. आपण सगळे टाळ्या वाजवतो. पिक्चर तिथेच आपल्याला पकडतो.

कारण मुखवटा गळून पडतो आणि आतला माणूस निघतो प्रोफेसर कॅलहन. ज्यांना वाचवायला तादाशी आत धावला, तेच. मायक्रोबॉट्सची ढाल करून ते वाचले. वर म्हणतात, तादाशी गेला ही त्याचीच चूक. त्या क्षणी हिरो बेमॅक्सची हिरवी चिप उपटून काढतो. राहते फक्त लाल. बेमॅक्सचे डोळे लाल होतात आणि तो माणूस मारायला निघतो. मित्र आडवे येतात, त्यांनाही तो फेकून देतो. हनी लेमन कशीबशी हिरवी चिप परत बसवते तेव्हा तो थांबतो.

लक्षात घ्या, रोबो तोच. बॅटरी तीच, सांगाडा तोच, मोटर त्याच. एक तळहातात मावणारी चिप काढली आणि सगळ्यांचा लाडका फुगा खुनी झाला. इतर रोबोपटांत बहुतेक वेळा यंत्र स्वतःहून बिघडतं, बंड करतं. इथे यंत्राने काहीही केलेलं नाही. केलंय ते चौदा वर्षांच्या दुःखी मुलाने, दोन सेकंदांत, रागाच्या भरात. १९९९ साली ब्रॅड बर्ड यांचा 'द आयर्न जायंट' आला होता. त्यात उलट आहे. तो प्रचंड रोबो शस्त्र म्हणून बनवलेला असतो आणि स्वतःच ठरवतो की मला शस्त्र व्हायचं नाही. बेमॅक्सला असं ठरवता येत नाही. त्याच्यासाठी ते कोणीतरी आधी ठरवून ठेवावं लागतं. आणि ते ठरवणारा इंजिनिअर असतो, म्हणजे आपण!

५. व्हिलन कोण?

कॅलहन हे राक्षस नाहीत. पिक्चरच्या सुरुवातीला ते अगदी आपल्याला हवेसे वाटणारे सर आहेत. हुशार, प्रेमळ, मुलांना प्रोत्साहन देणारे. त्यांच्या मुलीने, ॲबिगेलने, क्रे नावाच्या उद्योगपतीच्या प्रयोगात भाग घेतलेला असतो. घाईघाईत केलेला तो प्रयोग फसतो आणि मुलगी एका यंत्रातून आत जाते ती परत येतच नाही. सरांना क्रेचा सूड घ्यायचाय.

म्हणजे बघा, हिरोचा भाऊ गेला आणि सरांची मुलगी गेली. दोघंही हुशार, दोघांच्याही हातात तेच मायक्रोबॉट्स, दोघांनाही कोणाला तरी संपवायचंय. बेटावरच्या त्या सीनमध्ये दोघांत काडीचाही फरक राहिलेला नाही. फरक पुढे पडतो, आणि तो हिरो जास्त चांगला मुलगा आहे म्हणून पडत नाही. फरक एवढाच की हिरोच्या आजूबाजूला चार मित्र आणि एक हट्टी फुगा होता. सरांच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. निदान पिक्चर तरी आपल्याला कोणी दाखवत नाही.

मला हा पिक्चरमधला सगळ्यात खरा भाग वाटतो. आपल्याकडे हुशार माणसाला कोणी विचारत नाही, 'बाबा रे, बरा आहेस ना?' टॉपरला नाही, सरांना तर नाहीच नाही. आपण गृहीत धरतो की ज्याला फूरिये ट्रान्सफॉर्म कळतं त्याला स्वतःचं दुःखही सोडवता येत असेल.

६. चौऱ्याऐंशीवी टेस्ट

बेटावरून परत आल्यावर हिरो पुन्हा हिरवी चिप काढायला जातो. या वेळी बेमॅक्स झाकण उघडत नाही. त्याला मारल्याने तुला बरं वाटेल का, असं साधंच विचारतो. हिरो ओरडतो की तादाशी गेला. तेव्हा बेमॅक्स पोटावरच्या स्क्रीनवर तादाशीचे जुने व्हिडिओ लावतो.

हे व्हिडिओ काही वाढदिवसाचे वगैरे नाहीत. टेस्टिंगचे आहेत! पहिल्या टेस्टला बेमॅक्स किंचाळतो. सातव्या टेस्टला हात वेडेवाकडे फिरवून धिंगाणा घालतो. तेहेतिसाव्यालाही जमत नाही. तादाशीचे डोळे सुजलेत, केस विस्कटलेत, पण तो कॅमेऱ्याकडे बघून रोबोला सांगतो की मी तुला सोडणार नाही, खूप लोकांना तुझी गरज आहे. आणि चौऱ्याऐंशीव्या टेस्टला बेमॅक्स नीट चालू होतो, तादाशीला तपासतो आणि तादाशी आनंदाने नाचतो.

ज्याने एकदा तरी पहाटे तीनला सर्किट चालत नाही म्हणून डोकं धरलंय, त्याला हा सीन समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या कुठल्या पिक्चरने टेस्ट लॉगवर रडवलं असेल असं मला वाटत नाही. आपण जर्नलमध्ये शेवटचं बरोबर आलेलं रीडिंग लिहितो आणि बाकीची खोडून टाकतो. तादाशीने त्र्याऐंशी फेल्युअर जपून ठेवली होती. म्हणून तो गेल्यावरही भावाला सापडला. माणूस त्याच्या कामात उरतो हे वाक्य आपण शोकसभेत नेहमी ऐकतो. इथे ते स्क्रीनवर दिसतं.

शेवटी ॲबिगेल जिवंत आहे असं कळतं, तेव्हा हिरो आणि बेमॅक्स तिला आणायला त्या यंत्राच्या आत जातात. का जातात? व्हिलनची मुलगी आहे ना ती! पण हिरोच्या डोक्यात आता हिरवी चिप बसली आहे. परत येताना बेमॅक्सचे थ्रस्टर निकामी होतात. आपली मूठ रॉकेटसारखी सोडून दोघांना बाहेर ढकलायचं आणि स्वतः आत राहायचं, एवढाच मार्ग उरतो. पण पेशंटने समाधानी असल्याचं सांगेपर्यंत बेमॅक्स त्याला सोडू शकत नाही. सुरुवातीला विनोदासाठी वापरलेला तो नियम इथे असा येतो की घशात काहीतरी अडकतं. हिरोला ते वाक्य म्हणावं लागतं. भावाला निरोप द्यायची संधी मिळाली नव्हती, ती इथे मिळते.

नंतर त्या मुठीत हिरवी चिप सापडते. शरीर गेलं, चिप राहिली. हिरो नवीन बेमॅक्स बांधतो.

७. तात्पर्य

थोडक्यात काय, तर बेमॅक्स आवडतो तो फुगा आहे म्हणून नाही आणि उडतो म्हणून तर नाहीच. तो आवडतो कारण त्याचं सगळं डिझाइन दुसऱ्याच्या दुखण्यापासून सुरू होतं. व्हायनिल मऊ का? पेशंटला लागू नये म्हणून. चेहरा साधा का? पेशंट घाबरू नये म्हणून. चालणं सावकाश का? पेशंट दचकू नये म्हणून. आपण प्रोजेक्ट निवडताना आधी सेन्सर ठरवतो, मग बोर्ड ठरवतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री 'ॲप्लिकेशन्स' या मथळ्याखाली चार ओळी लिहितो. तादाशीने ती चार ओळींची गोष्ट आधी लिहिली आणि बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट हॉस्टेलची. इथे ताप आला तर रूममेट गोळी देतो, मेसच्या मावशी खिचडी वेगळी काढून ठेवतात. ते दुखणं दिसतं. पण केटी लागलेला, घरी भांडण चालू असलेला, कोणीतरी जवळचं गेलेला मुलगा 'कसा आहेस?' विचारलं की 'एकदम मस्त' म्हणतो, आणि आपणही 'मस्त' ऐकून पुढे जातो. बेमॅक्स 'मस्त' वर जात नाही. तो एक ते दहामध्ये आकडा मागतो आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहतो. त्यासाठी आपल्याला कार्बन फायबर लागत नाही. रेक्टर सरांना, मॅडमना आणि आपल्या सगळ्यांनाच हे जमण्यासारखं आहे.

हा अभ्यासलेख असल्यामुळे शेवटी ओरलसाठी चार प्रश्न देते. उत्तरं मागच्या पानावर नाहीत!

अ) तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टमुळे नेमकं कोणाचं दुखणं कमी होणार आहे? एका वाक्यात सांगा.

ब) तेच प्रोजेक्ट रागावलेल्या माणसाच्या हातात पडलं तर काय होईल? तुम्ही झाकणाला काही लॉक ठेवलंय का?

क) तुमच्या फसलेल्या टेस्ट तुम्ही कुठे लिहून ठेवता?

ड) तुमच्या विंगमध्ये गेल्या आठवड्यात सारखं 'एकदम मस्त' कोण म्हणालं? त्याचा खोली नंबर काय?

शेवटचा प्रश्न कंपल्सरी आहे. त्याला ऑप्शन नाही.